बुधवार संध्याकाळचा खण

बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाबांनी तिसऱ्या कार्ब्युरेटरचा मेन जेट गिळला, वर अर्धा पेला पाणी प्यायले आणि नर्सबाईंना "थँक्यू" म्हणून डोळे मिटून पडले.

जेट म्हणजे विमान नव्हे. वाटाण्याएवढा पितळी स्क्रू, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं ते हे भोक ठरवतं. गाडी म्हणजे मोटारसायकल, चाळीस वर्षांपूर्वीची, जपानी, लाल-पांढरी, शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांच्या घाटाची. तिला चार सिलेंडर, चार कार्ब्युरेटर आणि म्हणून चार जेट. तीन डब्यात शिल्लक होते.

गाडी बाबांची. तरुणपणी त्यांनी तिच्यावरून काय काय उद्योग केले होते ते ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला आईच्या रागावरूनच कळायचं. पुढे एकोणीस वर्षं ती घराच्या मागच्या खोलीत चादरीखाली उभी होती. मग बाबांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी "साधारण दीड महिना" असं सांगून चष्मा पुसायला घेतला. ताईने बाबांना विचारलं, की काही हवंय का, कुणाला भेटायचंय का. बाबा म्हणाले, "गाडी चालू करा. एकदा आवाज ऐकायचाय."

हे काम धाकट्यावर येऊन पडलं. धाकटा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, सरकारी कचेरीत दप्तरखान्याचा प्रमुख. कचेरीत त्याला सगळे लेबलराव म्हणत, कारण चिठ्ठी चिकटवल्याशिवाय त्याने आयुष्यात कुठलीही वस्तू कपाटात ठेवली नव्हती. वडील जन्मभर फिटर, हातात जादू. आणि मुलाला बल्ब बदलायचा तरी आधी कागदावर आकृती काढावी लागायची. "याच्या हाताला गुणच नाही," हे बाबांचं मत लेबलराव बारा वर्षांचे असताना पक्कं झालं होतं. त्यामुळे दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. बोलणंच झालं नाही. दोन महिन्यांतून एकदा लेबलराव यायचे, दहा मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसायचे, "बरंय ना?" विचारायचे आणि निघायचे.

आता ते रोज येत होते. कचेरी सुटली की थेट मागची खोली. बाबांनी हट्टाने आपली खाटही तिथेच हलवून घेतली होती. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी पेट्रोलची टाकी बाहेर काढायला लावली. बाकी गाडी खाटेशेजारी, हात लांबवला तर टेकेल एवढ्या अंतरावर. बाबा उशीवरून हुकूम सोडायचे आणि लेबलराव पान्याने बोटं सोलून घ्यायचे.

"उलटा फिरवतोयस."

"बाबा, मी बरोबरच फिरवतोय."

"मग घट्ट का होतोय?"

प्रत्येक नट वेगळ्या पाकिटात, प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी, प्रत्येक वायरीला दोऱ्याने बांधलेला क्रमांक. महिन्याभरात खोली दप्तरखान्यासारखी दिसायला लागली. बाबा म्हणाले, "माझ्याही अंगठ्याला एक बांधून ठेव. उद्या शोधायला नको." ताई उठून स्वयंपाकघरात गेली. लेबलराव मात्र हसले, आणि बाबाही हसले. दोघांनी एकाच गोष्टीला हसण्याची ही बहुधा पहिलीच वेळ होती.

आता ती चूक. औषधांसाठी ताईने प्लॅस्टिकचे दोन डबे आणले होते. आडवे सात वार, उभे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. अठ्ठावीस खण, वर निळं झाकण. एक या आठवड्याला, एक पुढच्या. बाबांनी ते दोन डबे पाहिले आणि म्हणाले, "फारच आशा आहे तुला." दुसरा डबा त्यांनीच लेबलरावांना देऊन टाकला. लेबलरावांना तर घबाडच मिळालं. चार वेळा म्हणजे चार कार्ब्युरेटर, सात वार म्हणजे सात प्रकारचे बारके भाग! बुधवारच्या रांगेत चारही मेन जेट; तिसऱ्या कार्ब्युरेटरचा अर्थात संध्याकाळच्या खणात. अशी व्यवस्था पाहून त्यांना झोप छान लागली.

घरातल्या एकूण एक वस्तूवर चिठ्ठी होती. या डब्यावर तेवढी नव्हती. ज्यावर आधीच छापलेलं आहे त्यावर वेगळी चिठ्ठी लावायची नाही, हा दप्तरखान्याचा नियम, आणि तो लेबलरावांनी तीस वर्षं मोडला नव्हता.

बुधवारी ताईने टेबल पुसलं आणि दोन्ही डबे शेजारीशेजारी ठेवले. बाकीचं आपोआप झालं.

सव्वासहाला लेबलराव आले, हात धुतले, डबा उघडला. संध्याकाळचा खण रिकामा. त्यांनी खाटेखाली पाहिलं, गाडीखाली पाहिलं, स्वतःच्या खिशात पाहिलं. मग शेजारचा डबा उघडला. बुधवार संध्याकाळच्या पाचही गोळ्या जागच्या जागी होत्या.

"सिस्टर," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज बाबांना काय दिलंत?"

"औषध दिलं की. एकच होती आज, पिवळी. मी म्हटलंसुद्धा, आजोबा, आज एकच कशी? ते म्हणाले, डॉक्टरांनी कमी केल्यात."

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. बाबांनी डोळे उघडले.

"मला वाटलं, आता उपयोग नाही म्हणून कमी केल्या असतील," ते म्हणाले.

ताई खाटेवर वाकली. "अहो पण बाबा, चाळीस वर्षं तुम्ही जेट तोंडाने फुंकून साफ केलेत. पितळेची चव कळली नाही?"

"जिभेला आता काही कळत नाही गं," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

रात्री आठच्या आत सगळी वरात दवाखान्यात. एक्स-रे काढला. बरगड्यांच्या खाली, बाकी सगळ्या धूसर कारभारात, तो जेट तेवढा लख्ख उठून दिसत होता. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले.

"काही होणार नाही," ते म्हणाले. "टोकदार नाहीये. तीन-चार दिवसांत आपोआप बाहेर पडेल."

"खराब नाही ना होणार?" लेबलरावांनी विचारलं.

"आजोबांच्या आतड्यांना काही नाही होणार."

"नाही, म्हणजे... जेट. पोटात आम्ल असतं ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. ताईने भावाच्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर निळा राहिला. बाबांनी मात्र चाकाच्या खुर्चीतून मान उंचावून एक्स-रे नीट निरखला. "भोक साफ आहे," ते म्हणाले. "चांगला धुतलायस." अख्ख्या आयुष्यात बापाने केलेली ही पहिली स्तुती, आणि ती अशा ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या गाड्यांच्या स्पेअरपार्टवाल्याला फोन लावला.

"त्या नंबरचा जेट यायचा बंद झाला हो," तो म्हणाला. "बाहेरून मागवू शकतो. दोन महिने धरा."

"दोन महिने नाहीयेत."

"एकोणीस वर्षं उभी होती म्हणता ना? मग गाडीला कसली घाई आलीये?"

"गाडीला नाही," लेबलराव म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे तोच जेट हवा. आणि तो शोधायचा कुणी, यावर घरात रण माजलं. "माझ्या कामात हे बसत नाही," नर्सबाईंनी साफ सांगितलं. "मी महिनाभर सगळं करतेय," ताई म्हणाली, "जेट तुझा, भांडं तुझं." तेव्हा लेबलरावांनी रबरी हातमोजे घेतले, स्वयंपाकघरातली मोठी चाळणी घेतली (ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही) आणि कचेरीतून रजा घेतली. अर्जावर कारण लिहिलं, "वडिलांची प्रकृती". खोटं नव्हतं.

तीन दिवस गेले, चार गेले. दुखणं कमी करणाऱ्या औषधांनी बाबांना पार बद्धकोष्ठ झालं होतं. रोज सकाळी लेबलराव दाराशी उभे राहून विचारायचे, "काही?" आणि आतून उत्तर यायचं, "काही नाही." ताईने रेचक दिलं, नर्सबाईंनी दुप्पट दिलं. बाबा दिवसेंदिवस वाळत चालले होते. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. रात्री कण्हणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं. दीड महिन्यातले सहा दिवस उरले होते. सगळ्यांनाच ते माहीत होतं.

अशात आत्या आल्या. "शेवटचं भेटून घ्यावं" म्हणून त्यांची ही तिसरी खेप. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, भावाच्या पायाशी बसल्या आणि निकाल दिला.

"याचा जीव त्या गाडीत अडकलाय, आणि गाडीचा जीव याच्या पोटात. आता सुटणार कोण आधी?"

"आत्या, हळू बोला ना," ताई म्हणाली.

"हळू काय? त्यालाही कळतंय. एकदा का ती गाडी सुरू झाली ना, की हा सुटला. तुम्हीही सुटलात."

ताई रडायला लागली. कारण तिच्याही मनात अगदी हेच होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नव्हतं. लेबलराव चाळणी हातात घेऊन उभे होते. महिनाभर ते एकच गोष्ट धरून बसले होते, की गाडी वेळेत सुरू झाली पाहिजे. ती सुरू झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांनी कुठल्याच पाकिटात घातला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी जेट आला. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. लेबलरावांनी तो तीन पाण्यांनी धुतला, उकळला, उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. "आता गाडी सुरू होणार ना?" त्यांनी विचारलं. लेबलराव म्हणाले, "हो, आता काही अडचण नाही." आणि बसवायला त्यांनी तीन दिवस लावले. एका स्क्रूला अर्धा तास. बाबाही ओरडले नाहीत. "सावकाश," एवढंच म्हणायचे. "घाई केली की आटे जातात."

शेवटी शुक्रवारी सकाळी बसवण्यासारखं काही उरलंच नाही. टाकी चढली, बॅटरी जोडली गेली. गल्लीकडचं मोठं दार सताड उघडून लेबलराव आणि ताईने गाडीचं तोंड खाटेकडे आणि धुराच्या नळ्या बाहेरच्या बाजूला केल्या. आत्या पायाशी रुमाल घेऊन तयार. नर्सबाईंनी बाबांचं मनगट धरलं. ताईने उशी उंच केली. एकंदरीत, लोक निरोप द्यायला जमावेत तसे सगळे जमले होते.

लेबलरावांचा अंगठा बटणावर होता आणि हलत नव्हता.

"दाब की," आत्या म्हणाल्या.

त्यांनी दाबलं. दोनदा खोकली, आणि तिसऱ्यांदा जी पेटली! चारही सिलेंडर एका सुरात. भिंतीवरच्या फळीवरचे स्क्रूचे डबे थरथरले, शेजारची खिडकी उघडली, कुत्रा पळाला. महिनाभर उलटा पाना फिरवणाऱ्या माणसाने चालू केलेलं इंजिन कसं, तर घड्याळासारखं चालत होतं. बाबांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषा हळूहळू सैल पडत गेल्या. आत्यांनी रुमाल डोळ्यांशी नेला. ताईने भावाचा हात घट्ट पकडला. नर्सबाई घड्याळ पाहत नाडी मोजत होत्या, आणि लेबलराव एकटक बाबांच्या छातीकडे पाहत होते. आपण काय करून बसलो, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

बाबांनी एक डोळा उघडला.

"बंद कर."

गाडी बंद झाली.

"तिसरा सिलेंडर मारत नाहीये," बाबा म्हणाले.

"अहो, काय मस्त चालली होती!" नर्सबाई म्हणाल्या.

"तीनच मारतायत. ऐकू येतं मला. हात लावून बघ. पेटतच नाही म्हटल्यावर तिसरी नळी गार असेल."

लेबलराव वाकले. त्यांनी तिसऱ्या नळीला बोट लावलं. चर्र झालं. बोटाची कातडी तिथेच चिकटून राहिली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वर पाहिलं. बाबा त्यांच्याकडेच पाहत होते, आणि त्या नजरेत हुकूम नव्हता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते मुलाकडे काहीतरी मागत होते.

लेबलरावांनी पोळलेलं बोट मुठीत दाबून धरलं.

"गारच आहे, बाबा."

"बघ. मी म्हटलं नव्हतं?"

"अरे पण..." ताईने तोंड उघडलं. भावाचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

"सगळं परत उघडावं लागेल," लेबलराव म्हणाले. "चारही कार्ब्युरेटर. एकेक भाग काढून, धुऊन, तपासून. मी एकटा माणूस, रोज संध्याकाळी येऊन करणार. महिना तर सहज जाईल."

"जाऊ दे," बाबा म्हणाले आणि उशीवर नीट टेकले. "मला कुठं जायचंय?"