तीन मतांची निवडणूक

“बार्नबी, गादी गेली तरी पाठ वाकवायची नाही!”

वडिलांचा हा आवाज अजून कानात आहे. नव्याण्णव साली लॉर्डांच्या सभागृहातून वंशपरंपरेच्या उमरावांना घरी पाठवलं, त्या संध्याकाळचा. सभागृहातला तो लाल बाक सुटला आणि ते सुकल्या गुलाबासारखे पाकळी पाकळीने गळत गेले. तेव्हाच मी ठरवलं, तो बाक परत आणायचा.

आमच्यातले थोडे उमराव मात्र सभागृहात राखले होते. त्यातला एखादा वारला, की त्याच्या पक्षाच्या उरलेल्या वंशपरंपरेच्या उमरावांनी मत देऊन जागा भरायची. एका वसंतात आमच्या पक्षाची जागा रिकामी झाली. मतदार किती? तीन! आमच्या गावात चर्चची घंटा वाजवायला याहून जास्त माणसं लागतात.

विरोधात होता माझा मावसभाऊ ऑब्री. तोही लॉर्डच, पण बोलायला उभा राहिला की मेंढरंसुद्धा पेंगतात.

मी तिन्ही मतदारांना जेवायला बोलावलं. तितर भाजला, जुनी पोर्ट वाइन काढली. म्हातारे लॉर्ड थ्रॅपविक माझा हात दाबून म्हणाले, “मत तुलाच, लेका.” लॉर्ड मसग्रेव्ह म्हणाले, “हे काय विचारणं झालं?” लॉर्ड हॉल्बीच यांनी तोंडात घास असल्याने नुसती मान डोलावली.

मी वडिलांचा कोट शिंप्याकडे टाकला.

निकालाच्या दिवशी कारकुनाने घसा खाकरून वाचलं : ऑब्री, तीन. मी, भोपळा.

चहाच्या खोलीत मी आणि माझी बायको ऑटिलीन बसलो होतो. थ्रॅपविक आले, मागोमाग मसग्रेव्ह आणि हॉल्बीच.

“वाईट वाटून घेऊ नकोस. तू येणारच होतास रे. म्हटलं, त्या गरीब ऑब्रीच्या पदरी भोपळा नको. दिलं एक मत.”

“मीही तेच केलं,” मसग्रेव्ह चपापून म्हणाले. “बाकीचे दोघे तुलाच देणार, असं धरून चाललो.”

हॉल्बीच यांनी या वेळीही मान डोलावली. तोंडात केक होता.

“पण एकच दया तिघांच्या पोटात एकदम कशी उपजली?” मी विचारलं. “आणि एकमेकांना सांगायला काय झालं होतं?”

“शब्द दिला होता, कुणाला सांगायचं नाही म्हणून,” थ्रॅपविक पुटपुटले. तिघेही ऑटिलीनची नजर चुकवून आपापल्या कपात बघू लागले. सभ्य माणसं! राज्य बुडेल, पण बाईला दिलेला शब्द मोडणार नाहीत.

मी ऑटिलीनकडे वळलो. तिने साखर ढवळली, पुन्हा ढवळली.

“ऑब्रीची बायको माझ्याजवळ रडली हो,” शेवटी ती म्हणाली. “एक तरी मत पडू दे म्हणाली. म्हणून यांना एकेकट्याला गाठून विनवलं.”

“एक मत हवं होतं ना? मग तिघांना कशाला?”

“मला काय माहीत सगळेच ऐकतील? घरी माझं कोण ऐकतं!”