केयाला तोंडपाठ झालेलं फ्रेडरिक्टन

"नोकरी आपलीच समजा!" पोह्यांची बशी हातात घेत प्रल्हादने जाहीर केलं. "असं कुटुंब फ्रेडरिक्टनने आजवर बघितलंच नसेल!"

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातली त्याची फॅक्टरी वर्षअखेरीला बंद होणार होती. नोकरी गेली की व्हिसा खलास, आणि व्हिसा गेला की उचला चंबूगबाळं! अशात कॅनडातल्या त्या नदीकाठच्या छोट्या शहरातल्या एका गोडाउनच्या मालकीणबाईंनी त्याला सुपरवायझर म्हणून जवळजवळ पसंत केलं होतं. फक्त त्यांना व्हिडिओवर बायको-मुलींशीही बोलायचं होतं. कायमचं राहणारं कुटुंब हवं होतं म्हणे.

झालं! दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शाळा भरली.

"नदी कुठली?"

"सेंट जॉन!" धाकटी केया ओरडायची.

"रेल्वेच्या जुन्या पुलावरून आता काय जातं?"

"पीपल अँड सायकल्स!"

"आणि म्युझियममध्ये?"

"जायंट फ्रॉग!"

थोरली मिहिका मोबाइलमधून डोकं वर काढेल तर शपथ. "बाबा, धिस इज सो क्रिंज."

मग प्रल्हादच्या डोक्यात थंडीच्या प्रॅक्टिसचं खूळ शिरलं. एसी सोळावर, अंगात स्वेटर, डोक्याला कानटोप्या! बाहेर दुबई भाजून निघतेय आणि आत चौघं सटासट शिंकतायत! हळदीचं दूध उकळून उकळून त्याच्या बायकोने, हेमाने शेवटी पातेलंच आपटलं. "अरे, तिकडची नदी गोठते म्हणून आपण आत्तापासून गोठायचं का?"

केया मात्र त्या शहराच्या प्रेमातच पडली. बेडकाची चित्रं काय, पुलाची चित्रं काय! फ्रिजचा दरवाजा दिसेनासा झाला.

मुलाखतीला सगळे शहाण्यासारखे सोफ्यावर बसले. केयाने नदी, पूल, बेडूक घडाघडा सांगितलं. बाई खूश! प्रल्हादने हेमाला हळूच कोपर मारलं.

"मग इथे आल्यावर सगळ्यात आधी काय करशील?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"फ्रॉगला भेटणार!" केया तिच्या फाडफाड इंग्रजीत म्हणाली. "सगळं भराभर बघावं लागेल. बाबा म्हणतात, तिथे फक्त तीन वर्षं काढायची. पासपोर्ट मिळाला की यल्ला, चला टोरांटोला!"

प्रल्हाद मोठ्याने हसला. एकटाच. बाईंनी "कळवू" म्हणून फोन ठेवला.

"बाबा, माझं काही चुकलं का?"

"नाही गं," प्रल्हाद म्हणाला. "सगळं बरोबर सांगितलंस."

नकार आला, तोही अगदी गोड शब्दांत. केया फ्रिजवरची चित्रं उतरवून दप्तरात भरत होती, ते बघून हेमाचा बांध फुटला. "इथेही तीनच वर्षांसाठी आणलं होतंस मला! मिहिका पोटात होती तेव्हा. धड एक कपाट घेऊ दिलं नाहीस. म्हणे, कशाला, जायचंच तर आहे!"

तिने स्टुलावर चढून माळ्यावरचा टीव्हीचा खोका ओढला. परत जाताना पॅकिंगला लागेल म्हणून प्रल्हादने तो पहिल्या वर्षापासून जपला होता. टीव्ही कधीच भंगारात गेला होता. तिने खोका बाहेर लिफ्टपाशी भिरकावला आणि दार धाडकन लावलं.

थोड्या वेळाने प्रल्हाद दूध आणायला म्हणून गेला, तो खोका घेऊनच परत आला.

"हसू नकोस," तो खालमानेने म्हणाला. "आता खरंच लागेल."

हेमा हसत नव्हती.