स्वतःच्या घराची बेल

आमचे शेजारी मधूभाऊ वानखडे रोज दुपारी आपल्या घराच्या मागच्या दाराने बाहेर पडतात, बोळातून वळसा घालून पुढच्या फाटकाशी येतात आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवतात. खिशाला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, खोचलेला असतो. बेल वाजवून झाली की कॉलर नीट करतात आणि पाहुण्यासारखे पायरीवर उभे राहतात.

मी हे गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. म्हटलं, बेलमध्ये काहीतरी नवीन बसवलं असेल, त्याची चाचणी चालली आहे. मधूभाऊंच्या घरी साधी अशी वस्तूच नाही. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली प्रत्येक गोष्ट निदान एकदा तरी उघडून ठेवली आहे. त्यांच्या कूलरमधलं पाणी संपलं की तो त्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवतो. मधूभाऊ त्या वेळी कूलरच्या पुढ्यातच बसलेले असतात.

"समोर तर दिसतं की पाणी संपलं," मी एकदा म्हटलं. "मग निरोप कशाला?"

"आपण पाहणं वेगळं अन् त्यानं सांगणं वेगळं," ते म्हणाले. "तो बोलून राहिला ना गा आपल्याशी."

बाकीचे लोक भेटल्यावर जेवण झालं का विचारतात. मधूभाऊ विचारतात, "अपडेट केलं का?" एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं आणि त्याला कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीचे फायदे सांगायला लागले. मागे रांग खोळंबली, फोटोवाला ताटकळला. "फुकट हाये म्हणून नाही सांगत तुले," ते नवरदेवाला समजावत होते, "उघडं हाये म्हणून सांगतो. आत डोकावून पाहता येते, लागलं तर बदलवता येते." नवरी सगळ्या फोटोंमध्ये त्यांच्याकडेच बघते आहे.

माझ्याही कॉम्प्युटरवर त्यांनी असंच लिनक्स बसवलं. त्यानंतर बरेच दिवस आमचा प्रिंटर फक्त मधूभाऊ घरात असले तरच चालायचा.

पण त्यांच्या सगळ्या पसाऱ्यात एक मशीन निराळं होतं. नागपूरजवळच्या वाडीच्या कुठल्याशा गोदामातून भंगारात निघालेला टचस्क्रीनचा कॉम्प्युटर त्यांनी कळमन्याच्या फळबाजारातून आणलेल्या संत्र्याच्या लाकडी पेटीत बसवला होता आणि पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवला होता. तो त्यांच्या बायकोचा, मालतीवहिनींचा. वहिनींचं विसरणं तेव्हा सुरू झालं होतं. आधी गॅस, मग भाजीबाजारातून घरी यायचा रस्ता, मग माणसांची नावं. मधूभाऊंनी गाणी वाजवणारं एक सॉफ्टवेअर घेतलं, त्यातलं नको ते सगळं काढून टाकलं आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फक्त एक हिरवं पान ठेवलं. पानाला बोट लावलं की वहिनींच्या आवडीची जुनी गाणी लागायची.

ते पान वहिनी कधी विसरल्या नाहीत. दुपारी रस्ता उन्हाने गप्प झालेला असायचा. कूलरमधून ओल्या खसाचा वास यायचा, खिडकीचा पडदा हळूहळू फुगायचा, आणि वहिनी डोळे मिटून मांडीवर बोटांनी ताल धरायच्या. मी कधी काही मागायला म्हणून जायचो आणि काय मागायचं तेच विसरून तिथे बसून राहायचो. त्या खोलीत वेळ थांबल्यासारखा वाटायचा आणि मला ते फार आवडायचं.

एक दिवस कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना आली की नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का? मधूभाऊ पंख्याचं काहीतरी करत होते. जाता जाता त्यांनी सवयीने 'होय' दाबलं.

पान गेलं. त्याच्या जागी वरच्या बाजूला करड्या चौकोनांची एक ओळ आली. वहिनी दुपारी येऊन बसल्या आणि त्यांनी रिकाम्या कोपऱ्यात बोट लावलं. पुन्हा लावलं. बराच वेळ लावत राहिल्या. मग हात मांडीवर ठेवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "हे कोनाचं घर हाये?"

सगळ्या नागपूरला पुढे ढकलणारा हा माणूस त्या दिवसापासून मागे जायला निघाला. जुनी आवृत्ती त्या मशीनवर परत बसेना. मधूभाऊंनी जुना कोड शोधून काढला, आपल्या सरकारी इंग्रजीत जगभरच्या अनोळखी लोकांना प्रश्न विचारले, दाढी वाढवली. मी डबा घेऊन गेलो की म्हणायचे, "होईन गा. कोनी कुलूप नाही लावलं त्याले." आवाज मात्र कुलूप लावल्यासारखा यायचा. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

अखेर पान परत आलं, अगदी त्याच कोपऱ्यात, तेवढंच हिरवं. मधूभाऊंनी इंटरनेटची वायर उपटून माळ्यावर टाकली. वहिनींनी बोट लावलं, गाणं लागलं. मी पेढे मागितले तर मधूभाऊ नुसते हसले.

बेल वाजवणं सुरू झालं ते त्यानंतरच. परवा माझ्या बायकोने त्यांच्यासाठी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, दिली होती, ती घेऊन मी फाटकाशी पोचलो तर मधूभाऊ पायरीवर उभे. मी म्हटलं, "काय भाऊ, बेलले काय बसवलं?"

"काही नाही गा," ते हळू आवाजात म्हणाले. "मी घरात दिसलो तर मालती घाबरते. कोन माणूस शिरला म्हणते. बेल वाजवून आलो तर या म्हणते."

दार उघडलं. वहिनींचा चेहरा खुलला.

"या मशीनवाले भाऊ. तुमचीच वाट पाहून राहिली होती."

मधूभाऊंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि स्वतःच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले. वहिनींनी गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं. गाणं लागलेलंच होतं. मधूभाऊ पेचकस काढून पेटीचा एक घट्ट असलेला स्क्रू पुन्हा आवळू लागले.

"आमच्या यायलेही असाच शौक हाये," वहिनी मला आणि त्यांना मिळून सांगू लागल्या. "दिवसभर काही ना काही खोलून बसतेत. ऑफिसात गेले आता." मग त्या मधूभाऊंकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही त्या बाजूनंच जाता ना? भेटले तर सांगजा त्यायले, मी वाट पाहून राहिली म्हणून."

मधूभाऊंनी स्क्रूवरून नजर काढली नाही.

"सांगतो, वहिनी," ते म्हणाले.