तेलाची नळी आणि चाकसूची रपेट

सपकाळेकाका आपल्या मोटरसायकलला 'अहो' म्हणत. कारण विचारलं तर शांतपणे सांगत, "त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. मतलब, विषयच संपला."

काका मूळचे भुसावळचे. रेल्वेत फिटर म्हणून जयपूरला बदलून आले आणि निवृत्त झाल्यावर दुर्गापुऱ्यातच राहिले. दोन हजार सहा साली मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो. पहिल्याच सकाळी पाहतो तर काका उकिडवे बसून वर्तमानपत्र न्याहाळतायत. ते मोटरसायकलखाली पसरलेलं, त्यावर तेलाचे डाग. "काल अकरा थेंब, आज चौदा," ते म्हणाले. बाकी जगाच्या बातम्या त्यांना काकू सांगत.

तेलाच्या टाकीतून इंजिनात तेल नेणारी नळी गळायची. काकांनी तिला कापडाची पट्टी गुंडाळली, साबण चोळला, एकदा तर काकूंच्या परातीतून कणकेचा गोळा पळवून तोही थापला. मेकॅनिकचं नाव काढलं की मात्र भडकत. "परक्याला कसं हात लावू देऊ? बुजुर्ग आहेत त्या!"

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला त्यांनी माझं दार बडवलं.

"इंजिनिअर, खाली ये! दुपारच्या आत चाकसू गाठायचंय."

"काका, मी सॉफ्टवेअरचा आहे."

"चालेल. टॉर्च धरता येतो ना?"

जयपूरबाहेरच्या त्या चाकसू गावी काय आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. नळी मात्र उलगडून दाखवली. रबर वाळक्या पडवळासारखं कडक झालेलं, तोंडाशी बारीक चीर. काकांचा चेहरा असा फुलला की जणू चोरच सापडला! नवं रबर त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. ते मापात कापलं, पट्ट्यांनी आवळलं. राहिल्या जोडाच्या तांब्याच्या चकत्या. त्या घेऊन काका थेट स्वयंपाकघरात घुसले आणि चहाचं आधण उतरवून चिमट्यात धरलेली चकती गॅसवर धरली.

"अहो, माझा चहा!" काकू ओरडल्या.

"तांबं लाल करून पाण्यात टाकलं की मऊ पडतं. मग जोडाला घट्ट बसतं."

"मग स्वतःचं डोकंही धरा जरा गॅसवर!"

चुर्रर्र आवाज झाला, काका लहान मुलासारखे हसले.

जोड बसला. किक मारली. एक, दोन, पाच. सातव्या किकला गाडी अशी गरजली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. काकांनी तेलाच्या टाकीचं झाकण काढून टॉर्च हिसकावला. आत इंजिनातून फिरून आलेली तेलाची धार पडत होती. "परत आलं! तेल परत आलं!" त्यांनी मला मिठीच मारली. माझा पांढरा शर्ट त्या दिवशी कायमचा गेला.

मला मागं बसवून चाकसूकडे निघालेले काका टोंक रोडवर गाडी चालवत नव्हते, मिरवत होते. दर दहा मिनिटांनी थांबून नळीला हात लावायचे. "कोरडी! एकदम कोरडी!"

चाकसूत एका घरापुढे थांबलो. अंगणात खाटेवर एक वृद्ध गृहस्थ पडले होते. रामकिशनजी, काकांचे रेल्वेतले जोडीदार. गाडी मुळात त्यांची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, वाचा गेली, तेव्हा त्यांच्या मुलानं ती काकांच्या हवाली केली होती. त्याच संध्याकाळच्या रेल्वेनं तो मुलगा त्यांना सुरतेला नेणार होता, कायमचं. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं.

काकांनी गाडी खाटेला लागून उभी केली आणि सुरू ठेवली. रामकिशनजींचे डोळे उघडले. त्यांचा उजवा हात चादरीवर सरकला, हँडल धरल्यासारखी मूठ मिटली आणि हळूच वळली. काकांनी तेवढाच थ्रॉटल दिला. मूठ आणखी वळली, आवाज चढला. मूठ सैलावली, तसा उतरला. किती वेळ दोघं अशी गाडी चालवत होते, कोण जाणे.

शेवटी मूठ उघडली. काकांनी इंजिन बंद केलं, खाटेच्या काठावर बसले आणि तो हात आपल्या तेलकट तळव्यांत घेतला.

"भाईसाहब," ते म्हणाले, "सूरत में ज़रा धीरे चलाना. वहाँ ट्रैफिक बहुत है."