पेटीचं गाऱ्हाणं

"बाबलीकाका, गाराणा घालताना एक शब्द आमच्या पुस्तकांचो पण घाला," असं गुरुदास बोलून गेला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

गुरुदास तोंडवलीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि सकाळचा पेपर वाचायला येणारे तिघे. त्यातला एक तर फक्त राशिभविष्य वाचून घरी जायचा. अशा वाचनालयाला २००३ साली दादरच्या पद्मावतीबाईंनी, म्हणजे गावच्याच माहेरवाशिणीनं, देणगी पाठवली. अट एकच: रंगरंगोटी नको, लोकांसाठी काहीतरी नवं करून बघा. गुरुदासनं चाकं लावलेली पेटी करून घेतली आणि नव्या पुस्तकांनी भरली. पेटी दारोदार न्यायची, ज्याला जे हवं ते त्यानं घरी ठेवून घ्यायचं आणि वाचून झालं की परत द्यायचं. एप्रिलअखेर बाई स्वतः बघायला येणार होत्या. जमलं तर पुढेही मदत, नाहीतर ती दुसऱ्या गावाला. वीस वर्षं रिकाम्या खुर्च्या पुसणाऱ्या गुरुदासला तेव्हापासून जेवण गोड लागेनासं झालं.

आता नवं काम म्हटलं की देवाला गाऱ्हाणं घालणं आलंच, आणि गाऱ्हाण्यात बाबलीकाकांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पेटीपुढे नारळ ठेवून त्यांनी आवाज लावला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! गुरुदासान ही जी पेटी केली हा, ती घराघरात फिरांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली मंडळी गरजली.

"आनि जो कोण पुस्तक घरात व्हरान परत हाडूचो नाय, तेका तुझो हिसको दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुस्तक घरी नेऊन परत न आणणाऱ्याला देवाचा हिसका म्हटल्यावर या खेपेला आवाज निम्म्यावर आला होता. पण गुरुदास इतका खूश होता की ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारात ही रांग! गुरुदासचे डोळे भरून आले. पण रांगेतला एकही माणूस पुस्तक न्यायला आला नव्हता. सगळे परत करायला आले होते. वाडीतल्या दत्तारामनं अठरा वर्षांपूर्वी नेलेलं पाकशास्त्र आणलं, त्याला अजून फोडणीचा वास येत होता. शिवाच्या होडीत बॅटरीखाली टेकू दिलेला शब्दकोश खारं पाणी पिऊन दुप्पट फुगला होता. एकानं तर देवबागच्या पाहुण्यांकडे गेलेलं पुस्तक एसटीनं मागवून घेतलं. कपाटं भरली, टेबल भरलं, शेवटी गुरुदासची खुर्चीही भरली आणि तो उभा राहिला.

आणि पेटी? ती वाडीत शिरली की दारं लागायची.

"नुको रे बाबा! परत करूक इसारलंय तर? माझो घो रोज दर्यार जाता!" दर्यावर जाणाऱ्या नवऱ्यांच्या काळजीनं बायका खिडकीतूनच हात जोडायच्या.

दहा घरं फिरून पेटी परतली, तेव्हा तिच्यात नेताना होती त्यापेक्षा सात पुस्तकं जास्त होती.

गुरुदास बाबलीकाकांकडे धावला. "काकानू, ता गाराणा मागे घेवा!"

"मेल्या, देवाच्या कानार घातला ता घातला. तुझो शिक्को मारून रद्द करूक येणा नाय."

"बाई परवा येतत हो! पेटी कायमची बंद पडतली!"

"मगे माका शब्द घालूक कित्याक सांगलंस?"



बाई येण्याच्या आदल्या दिवशी यशोदा मासेवालीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, त्यानं पेटी ओढत आणली आणि तिच्यावरच मटकन बसला. माणूस अगदी रडकुंडीला आला होता. यशोदाला राहवेना.

"गुरुदासा, आधी पानी पी. आनि माका सांग, बाबलीन नेमका काय म्हटल्यान?"

"पुस्तक घरात व्हरान परत हाडूचो नाय, तेका..."

"घरात ना? मगे हय खळ्यात बसान वाचला तर देव कित्याक रागावतलो? पुस्तक तुझ्या डोळ्यांसमोर, पेटी तुझ्या बुडाखाली! गो सलोनी, हय ये. एक बरासा पुस्तक काढ आनि मोठ्यान वाच."

सलोनी म्हणजे यशोदाची सून. ती वाचायला लागली तशा शेजारणी आधी कुंपणापाशी आल्या, मग कुंपणाच्या आत आल्या. गोष्टीतली सासुरवाशीण घर सोडून निघाली, तेव्हा "जाव नको गो बाये!" म्हणून एकीनं चक्क हाक मारली. गोष्ट अर्धी राहिली. पुस्तक घरी न्यायची कोणाची छाती नव्हती, म्हणून उद्या सगळ्यांनी इथेच जमायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पद्मावतीबाई आल्या, तर खळ्यात चाळीस माणसं! दत्ताराम जाळं शिवता शिवता ऐकत होता. राशिभविष्यवालाही आला होता.

"अहो गुरुदास, मला वाटलं पुस्तकं घरोघरी जातील. तुम्ही तर अख्खी वाडी एका पुस्तकापाशी बसवलीत! हे सुचलं कसं तुम्हांला?"

गुरुदासला खोटं बोलता येत नसे. गेली देणगी, असं मनाशी म्हणत त्यानं गाऱ्हाण्यापासून सगळं सांगून टाकलं. बाई हसत हसत ऐकत होत्या. हिसक्यापाशी मात्र त्यांचं हसू मावळलं. त्यांनी त्याला फणसाखाली बाजूला नेलं आणि चाळीस वर्षांची दादरची भाषा सोडून हळूच विचारलं, "गुरुदासा, खरा सांग. हो राखणदार मुंबयपर्यंत पोचता काय रे?"

"कित्याक, बाई?"

"सातवीत आसताना हयसून एक पुस्तक व्हरलेला. अजून दादराक माझ्या कपाटात आसा."

 वीस वर्षांत असा मोका गुरुदासला कधी मिळाला नव्हता.

"पोचता, बाई. पण तुमी भियाव नकात. ता पुस्तक एका नव्या पेटीत घालून धाडा. तवसर राखणदाराची समजूत मी घालतंय."

पंधरा दिवसांत एसटीच्या टपावरून एक नाही, दोन पेट्या उतरल्या.