आता माही पाळी का?

शेजारच्या सिद्धार्थशी बोलायचं तर आपलं वाक्य संपवून थांबावं लागतं. मग तो माझ्या खांद्यापलीकडच्या कडुनिंबाकडं बघत विचारतो, "आता माही पाळी का, काका?" हो म्हटल्याशिवाय बोलत नाही. भीमपूरच्या आमच्या गल्लीत सगळे एकदम बोलतात, त्यामुळं त्याची पाळी सहसा येतच नाही.

तो शाळेत कारकून आहे, कविता करतो. डॉक्टर त्याला स्वमग्न म्हणतात, असं त्याची आई सांगते. कसा आहेस विचारलं की तो खरंच सांगतो, पोटापासून सुरुवात करून. अंगाला कुणी हात लावला की हातपाय धुऊन येतो.

मी बैलांचा व्यापारी. लोकांची गुरं हाकत हाकत स्वतःची दावण उभी केली, ती बोटांच्या जोरावर. आमचा भाव रुमालाखाली ठरतो. हात झाकलेले, बोटं दाबायची, तोंडानं पीकपाण्याच्या गप्पा. पोळ्याआधीच्या बाजारात तलमडुगु गावचं गिऱ्हाईक माझ्या बोटावर, म्हणजे माझ्या भावावर, आलंच होतं. त्यानं सहज शेजारी उभ्या सिद्धार्थला विचारलं, बैल कसा आहे? यानं आधी पाळी विचारून घेतली. मग म्हणाला, "चांगला हाये. दिवस बुडाला की लंगडते."

रुमालाखाली माझा हात एकटाच उरला.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो रोज कुंपणाशी येऊन पाळी विचारायचा, मी त्या न खपलेल्या बैलापुढं कडबा टाकत राहायचो. मी हो म्हणत नाही, म्हणून तो तसाच उभा.

वेचणीच्या दिवसांतली एक संध्याकाळ. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, बैल डोळे मिटून रवंथ करत होता. सिद्धार्थ म्हणाला, "तुमी बोलत नाही, तर बैलाले कविता सांगू का?" बैलानं कान हलवला. तेवढं त्याला पुरलं.

"माणसं डोळ्यांनी बोलतात,
मला ते ऊन सोसत नाही.
कुणीतरी रुमाल टाका
माझ्यावर आणि जगावर.
खाली माझा हात आहे,
कधीचा उघडा."

मी रागातच होतो. तरी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला आणि कुंपणावरून पुढं केला. बऱ्याच वेळानं त्याखाली एक गार हात आला. त्यानं माझं एक बोट धरलं. आयुष्यभर बोटं वाचली, पण हा भाव मला लागेना. तो कडुनिंबाकडं बघत होता. पाळी विचारायचं विसरला होता.

तो बैल अजून माझ्याच दावणीला खातो आहे, हे मी विसरणार नाही. पण त्या संध्याकाळी हात आधी मी काढला नाही.