जाधवकाकांची सातवी डबी

आमच्या सोसायटीतल्या जाधवकाकांच्या शर्टाच्या खिशात कायम दाढीचा ब्रश असतो. दाढी ते बाळकुम नाक्यावरच्या सलूनमध्ये करून घेतात; ब्रश असतो दगडांसाठी. गटारापाशी, कुंपणाच्या मुळाशी एखादा चौकोनी दगड दिसला की काका उकिडवे बसतात आणि नवरदेवाची दाढी करावी इतक्या हळुवारपणे त्याची माती झाडतात. बाणाची खूण आणि आकडा निघाला तर चेहरा खुलतो. नाही निघाला तर "साधा आहे बिचारा" म्हणून पुढे.

जुन्या काळी जमीन मोजणाऱ्यांनी खुणेसाठी पुरलेले हे दगड. खाडीकाठी त्यातले बरेच अजून शिल्लक आहेत, हे काकांना निवृत्त झाल्यावर कळलं आणि त्यांचे रविवार कामाला लागले. जगभर हौशी लोक म्हणे कुठंतरी डबी लपवतात, तिचा ठावठिकाणा फोनवरच्या अ‍ॅपात टाकतात, आणि दुसरे लोक ती शोधून आतल्या वहीत नाव लिहितात. काकांनी आपल्या प्रत्येक दगडाशेजारी अशी एकेक डबी ठेवली. एकूण अकरा.

"आजवर किती लोक आले?" मी एकदा विचारलं.

"मी आणि आमची ही. येतील गं बाकीचे, घाई कसली?"

आमची ही म्हणजे शालिनीकाकू. दर रविवारी त्या नवऱ्याबरोबर चिखल तुडवायच्या आणि संध्याकाळी माझ्या औषधांच्या दुकानात गुडघ्यांचं मलम घ्यायला यायच्या. "दगडांवर जीव आहे यांचा," त्या म्हणायच्या. "माझ्यावर असता तर रिक्षा केली असती." दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. काकांचे रविवार चालू राहिले.

काकांचं ठरलेलं वाक्य आहे, "दगडात देव नसतो, नंबर असतो." घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण तिच्यापुढेही ते नवस बोलत नाहीत. याच वाक्यापायी कोलशेतला ते मार खाता खाता वाचलेले. तिथला सातवा दगड कोळीवाड्याचा देव निघाला, शेंदूर फासलेला. काकांनी आकडा वाचायला चमच्याने शेंदूर खरवडला आणि बायकांनी त्यांना घेरलं. काकू मग त्या बायकांत बसून दोन तास चहा पीत राहिल्या, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. उठताना काकांनी विचारलं, "तो तीन आहे की आठ?"

गेल्या महिन्यात एका दुपारी काका दुकानात आले. धापा टाकत होते.

"मेघना, स्कूटर आहे ना बाहेर? उद्या सकाळी कोलशेतच्या काठावर भराव पडतोय. सातवी डबी आजच आणायला हवी."

"आणि दगड?"

"दगड जाऊ दे."

मी शटर ओढलं. बाळकुमच्या वळणावर त्यांचा चौथा दगड लागतो, त्याला हात केल्याशिवाय काका कधी पुढे जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी तिकडे बघितलंही नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

काठावर डंपर येऊन उभे होते. पलीकडे तिवरं, चिखल आणि मधोमध तो शेंदरी दगड. भरती लागली होती. मी थांबवायच्या आत काका चपला काढून चिखलात उतरले. बहात्तर वर्षांचा माणूस. मला स्वतःचाच संताप आला आणि मीही सलवार वर खोचून मागे गेले.

दगडाच्या पाठीमागे फटीत डबी असायची. फट रिकामी होती.

काका गुडघ्यांवर बसले आणि हातांनी चिखल उपसायला लागले. उपसलेला खड्डा पाण्याने भरत होता, ते पुन्हा उपसत होते. ब्रश खिशातून पडून वाहून गेला. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं.

"काका, चला. दुसरी डबी ठेवू आपण."

"तू जा."

"अहो, पाणी बघा ना."

"तू जा, मेघना." मी त्यांचा दंड धरून ओढला, त्यांनी झटकला. आता मारामारी करायची की मदतीला कुणाला बोलवायचं, मला सुचेना.

"ओ काका, वर या! पानी भरतंय!" काठावरून एक म्हातारी कोळीण हात करत होती. हिराबाई. त्या दिवशी काकूंना चहा पाजणारी, हे मला नंतर कळलं. "तुमची डबी माझे घरान हाय!"

काका उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला.

हिराबाईच्या देव्हाऱ्यात, नारळाशेजारी ती स्टीलची डबी होती. तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट. "उद्या माती टाकनार ना," हिराबाई म्हणाली. "देवाचं सामान मातीन कसं जाऊ देऊ?"

काकांनी हात तिने दिलेल्या जुन्या साडीच्या चिंधीला पुसले आणि वही उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. काकूंचं अक्षर. "फार चालवलंत. गुडघे गेले. दगड बरा आहे. पुढच्या वेळी मी येणार नाही." खाली पुढच्या रविवारची तारीख आणि एकच शब्द, "आले." पुन्हा तक्रार, पुन्हा "आले." पानंच्या पानं तशी. शेवटची ओळ होती, "पुढच्या वेळी मी खरंच येणार नाही." त्याखाली कोरं.

"तिच्या शेवटच्या रविवारी आम्ही इथेच आलो होतो. बाकी दहा वह्यांत मी लिहीत राहिलो," काका म्हणाले. "हिच्यात नाही जमलं."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. हिराबाईने चहा ठेवला.

चहा झाल्यावर काकांनी वही डबीत घातली आणि डबी होती तिथेच, नारळाशेजारी ठेवली. मग फोन काढून देव्हाऱ्यापुढे धरला, अ‍ॅपात सातव्या डबीचा ठावठिकाणा बदलला आणि हिराबाईला म्हणाले, "राहू दे तुमच्या देवापाशी. आता कुणी शोधायला आलं तर चहा द्याल ना?"

परतताना आमच्या पायांवर गुडघ्यांपर्यंत चिखल वाळला होता. दगडांचे आकडे पाठ असलेला तो माणूस स्कूटरवर माझ्या मागे बसला होता. चौथ्या दगडाला त्यांनी हात केला, आणि मग माझ्या कानाशी वाकून विचारलं, "मेघना, ती कुठलं मलम घ्यायची गं?"